मौन आणि मांडव : ख्रिस्ती शिबिरांत नेमकं काय चालतं

मे महिना जवळ आला की अहिल्यानगर, जालना, मिरज, कोल्हापूर इथल्या चर्चच्या फाटकांवर कागद चिकटतात. ‘सुट्टीतील बायबल शाळा, वय 4 ते 14, नाश्ता मिळेल.’ त्याच्याच खाली ‘तरुण संघाचे तीन दिवसांचे निवासी शिबिर, अंथरूण-पांघरूण सोबत आणावे.’ तिकडे वसईत रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, संपताना फादर सांगतात, रिट्रीटला येणाऱ्यांनी नावं द्यावीत. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. मला कित्येकांनी विचारलंय, “म्हणजे तुमची विपश्यनाच ना?” माझं उत्तर दर वेळी वेगळं असतं. कधी ‘बरंचसं तसं’, तर कधी ‘छे, तो आमचा सप्ताह.’

दोन्ही उत्तरं खरी आहेत. ‘शिबिर’ या एका शब्दाखाली दोन घराणी नांदतात. एका घराण्यात माणसाला गप्प बसवतात, दुसऱ्यात त्याला शेकडोंच्या आवाजात गायला लावतात. एकात खोलीचं दार लोटून एकट्याने बसायचं, दुसऱ्यात मांडवात मांडीला मांडी लावून. दोघांनाही हवं असतं ते मात्र एकच. आलेल्या माणसाने काहीतरी ठरवून परत जावं. दारू सोडायची, भावाशी तुटलेलं बोलणं सुरू करायचं, लग्न करायचं की धर्मगुरू व्हायचं, ख्रिस्ताच्या मागे खरोखर जायचं की दाखल्यावरच्या नावापुरतं. हा निर्णय कधी होतो आणि कोणाच्या सांगण्यावरून होतो, इथे दोन्ही घराण्यांच्या वाटा वेगळ्या होतात. एवढं ध्यानात धरलं तर कुठल्याही शिबिराचा कागद वाचून आत काय चालणार याचा अंदाज बांधता येतो.

घर सोडून रानात जाण्याची रीत ख्रिस्ती धर्मात पहिल्यापासून आहे. येशू काम सुरू करण्याआधी 40 दिवस रानात राहिला. पुढे शिष्यांना माणसांच्या गर्दीत जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा त्यांनाही तो म्हणाला, चला, जरा एकांतात विसावा घेऊ. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तमधले लोक वाळवंटात जाऊन राहू लागले, पण ते कायमचे गेले. ते संन्यासी होते. संसारी माणसाने ठरावीक दिवस जायचं, ठरावीक क्रमाने साधना करायची आणि परत येऊन कामाला लागायचं, ही पद्धत नीट बांधली ती एका जखमी सैनिकाने.

तोफगोळा आणि तालीम

1521च्या मे महिन्यात स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांच्या तोफेचा गोळा इग्नाशियस लोयोला नावाच्या तिशीतल्या सरदाराच्या पायाला लागला. घरी अंथरुणावर पडून त्याने शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. होतं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. वेळ जाईना म्हणून तेच वाचलं. मग दिवसभर मनोराज्य. कधी एका थोर घरच्या स्त्रीसाठी गाजवायचे पराक्रम, कधी संतांसारखी अनवाणी यात्रा. रंगायचा तो दोन्हींत. पण पहिलं मनोराज्य संपलं की मन कोरडं पडायचं, आणि दुसरं संपल्यावरही समाधान मागे रेंगाळायचं. कुठला विचार मागे काय ठेवून जातो, या निरीक्षणावर पुढची सगळी पद्धत उभी आहे.

बरा झाल्यावर तो मानरेसा गावी जवळजवळ अकरा महिने राहिला. प्रार्थना, उपास, मधूनच घोर निराशा, आणि या सगळ्याची टिपणं. ती वही वाढत गेली आणि 1548मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. नाव ‘आध्यात्मिक व्यायाम’. हातात घेऊन वाचायला बसलात तर निराश व्हाल, कारण ते वाचकासाठी लिहिलेलंच नाही. ती वस्तादाची वही आहे. पहिल्याच सूचनेत इग्नाशियस म्हणतो की चालणं, फिरणं, धावणं हा जसा शरीराचा व्यायाम, तसा हा आत्म्याचा. इंग्रजीतल्या ‘रिट्रीट’चा एक अर्थ माघार. लढाईत पाय गमावता गमावता वाचलेल्या माणसाने आपल्या साधनेला माघार न म्हणता तालीम म्हटलं, हे मला फार आवडतं.

पूर्ण तालीम साधारण 30 दिवसांची, चार ‘आठवड्यांत’ विभागलेली. पहिल्यात स्वतःची पापं आणि देवाची दया, दुसऱ्यात येशूचं जीवन, तिसऱ्यात त्याचं दुःखसहन आणि मरण, चौथ्यात पुनरुत्थान. ‘आठवडा’ म्हणजे मोजून सात दिवस नव्हेत, ज्याला जेवढे लागतील तेवढे. इग्नाशियसनेच स्थापलेल्या येशूसंघाचे फादर, ज्यांना आपण जेझुइट म्हणतो, हे 30 दिवस आयुष्यात दोनदा करतात आणि दरवर्षी आठ दिवसांची उजळणी. बाकीचे लोक तीन, पाच किंवा आठ दिवसांसाठी येतात. वांद्र्याला आणि लोणावळ्याला अशी साधनागृहं आहेत. गोव्याशी तर या घराण्याचं नातं फारच जुनं. 1542 साली गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर पॅरिसमध्ये शिकताना इग्नाशियसचे खोलीसोबती होते आणि हीच तालीम करून बाहेर पडले होते.

आठ दिवसांच्या रिट्रीटमधला एक दिवस असा जातो. बोलणं बंद, जेवतानाही. मोबाइल बंद. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी साधारण तासभर, बायबलमधला एक प्रसंग घेऊन ध्यान. संध्याकाळी मिस्सा. आणि दिवसातून एकदा अर्धा-पाऊण तास मार्गदर्शकाशी भेट. तेवढाच काय तो आवाज. मार्गदर्शक फादर असू शकतो, सिस्टर असू शकते, अलीकडे शिकून तयार झालेले संसारी लोकही असतात. प्रवचन जवळजवळ नसतंच. दुसऱ्या दिवशी झोप फार येते, तिसऱ्या दिवशी घरी जावंसं वाटतं, हे जाऊन आलेला कुणीही सांगेल.

विपश्यनेशी तुलना इथे अर्धीच जुळते. इगतपुरीच्या दहा दिवसांतही मौन असतं, पण तिथे श्वास आणि शरीरावरच्या संवेदना पाहायच्या आणि कल्पनेला बाजूला ठेवायचं. इग्नाशियसच्या तालमीत कल्पना हेच मुख्य अवजार. येशूच्या जन्माच्या ध्यानात तो विचारायला लावतो : नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब आहे, किती रुंद? सपाट आहे की दऱ्याखोऱ्यांतून जातो? जन्म झाला ती गुहा केवढी, किती ठेंगणी? मग त्या प्रसंगात तुम्ही कुठे उभे आहात ते बघा, कोण काय बोलतंय ते ऐका, वास घ्या. आपल्या कीर्तनकाराला हे सांगावं लागणार नाही. उत्तररंगात तोही श्रोत्यांना थेट यशोदेच्या अंगणात नेऊन बसवतो. फरक इतकाच की इथे कीर्तनकार आणि श्रोता एकच, आणि तोही मुका.

आता निर्णयाची गोष्ट. वहीच्या सुरुवातीला मार्गदर्शकासाठी 20 सूचना आहेत. चौदावी सांगते की साधक फार उत्साहात, भरून आलेल्या मनाने चालला असेल तर त्याला घाईने शपथ किंवा वचन देण्यापासून आवरा. पंधरावी त्याहून धीट आहे. साधकाला या बाजूला किंवा त्या बाजूला झुकवू नका, तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहा आणि निर्मात्याला त्याच्या लेकराशी थेट बोलू द्या. ज्या काळात चर्च माणसाला सकाळ-संध्याकाळ काय करावं ते सांगत होतं, त्या काळात हे लिहिलं गेलंय. निर्णय होत नसेल तर युक्त्याही दिल्यात. ओळखीपाळखीचा नसलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल, तेच करा. किंवा मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना काय निवडलं असतं तर बरं वाटेल, ते बघा. आणि एक नियम तर कुणीही घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा : मन कोरडं आणि उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नका.

या घराण्यात मराठी मुलखाजवळचा एक मोठा माणूस झाला, अँथनी डिमेलो. 1931 साली मुंबईत जन्मलेले हे जेझुइट फादर. त्यांची ‘साधना’ संस्था आधी पुण्यात होती, मग लोणावळ्याला गेली. श्वासाकडे लक्ष, शरीराची जाणीव, असे पूर्वेकडचे प्रकार त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेला जोडले, आणि जगभरातून लोक त्यांच्याकडे येऊ लागले. 1987मध्ये ते वारले. त्यानंतर 1998 साली व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबाबत सावध करणारं पत्रक काढलं. म्हणजे ‘तुमची विपश्यनाच ना?’ हा प्रश्न फक्त माझ्या शेजाऱ्यांना पडलेला नाही.

कोल्हापूरचा मुलगा, लोणावळ्याचा मांडव

दुसऱ्या घराण्याचा उगम बैलगाडीत आहे म्हटलं तरी चालेल. बैलांच्या जागी बऱ्याचदा घोडे, एवढंच. अठराव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेच्या केंटकी भागात वस्त्या विरळ होत्या, चर्च कोसांवर. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांची जुनी चाल अशी की वर्षातून एकदा-दोनदा प्रभुभोजनासाठी दूरदूरची माणसं जमायची आणि चार-पाच दिवस उघड्यावर उपदेश चालायचे. अंतरं एवढी मोठी की रोज घरी जाणं शक्य नाही. मग गाड्या सोडायच्या, तंबू ठोकायचे, चूल मांडायची. 1801च्या ऑगस्टमध्ये केन रिज या जागी असाच मेळा भरला आणि हाताबाहेर गेला. हजर माणसांचे अंदाज 10 हजारांपासून 25 हजारांपर्यंत जातात. जवळच्या लेक्सिंग्टन शहराची तेव्हाची वस्ती दोन हजारसुद्धा नव्हती. एकाच वेळी चार ठिकाणी उपदेशक उभे, कुणी रडतंय, कुणी ओरडतंय, कुणी भोवळ येऊन पडतंय.

मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी यातली ताकद ओळखली आणि त्याला शिस्त लावली. मांडव कुठे, तंबू कुठे, सकाळची घंटा किती वाजता. पुढच्या रांगेत एक बाक मोकळा ठेवायचा. ज्याला पश्चात्ताप होतोय त्याने उठून, सगळ्यांच्या देखत, तिथे येऊन बसायचं. आज आपल्याकडच्या संजीवन सभेत, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या सभेत, पाळक (प्रोटेस्टंट धर्मगुरू) हात उंच करून म्हणतात, “ज्यांना प्रभूला जीवन समर्पित करायचं आहे त्यांनी पुढे या,” ते त्याच बाकाचं नातवंड. इग्नाशियसची चौदावी सूचना जिथे ‘थांब’ म्हणते, बरोबर तिथे हे घराणं ‘आत्ताच’ म्हणतं. त्यामागेही एक विचार आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणूस विचार करत बसला की तो हमखास टाळतो, आणि चारचौघांत उठून उभं राहिलेल्याला परत फिरणं जड जातं. पंढरीची माळ गळ्यात घालतानाही आपल्याकडे चार माणसं साक्षीला असतातच की.

हा मांडव जगभर फिरला. अमेरिकेत न्यू जर्सीच्या समुद्रकिनारी ओशन ग्रोव्ह इथे 1869 साली भरलेल्या मेळ्यातून गावच वसलं, आणि आजही तिथे उन्हाळ्यात ओळीने तंबू लागतात. इंग्लंडच्या सरोवरांच्या भागात केझिक गावी 1875पासून मोठ्या तंबूत वार्षिक मेळावा सुरू झाला. केरळात पंपा नदीच्या वाळवंटात 1895 पासून मारामणचा ख्रिस्ती मेळा भरतो. दर फेब्रुवारीत आठ दिवस, नदीच्या पात्रात मांडव, सगळ्या जगातून परतलेले मल्याळी. चंद्रभागेचं वाळवंट पाहिलेल्याला मारामणचं छायाचित्र समजावून सांगावं लागत नाही.

आणि लोणावळा. आज लोणावळा म्हटलं की चिक्की आणि भुशी डॅम, पण 1890च्या दशकात तिथे मेथडिस्टांचा असा कॅम्प-मेळा भरायचा. पंडिता रमाबाई आपल्याकडच्या पंधराएक मुलींना घेऊन तिथे गेल्या होत्या. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्या मुली पाहून आनंद झाला आणि त्यांनी देवाकडे मागितलं, ही संख्या वर्गाने वाढू दे. 15 गुणिले 15, म्हणजे 225. पुढच्या मेळ्याच्या आत. त्यानंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला, रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते या मुलींमुळे. 1898 साली त्या इंग्लंडमध्ये केझिकच्या मेळाव्यालाही जाऊन आल्या, आणि 1905 मध्ये खुद्द मुक्तीमध्ये जे मोठं संजीवन झालं त्याच्या बातम्या जगभर गेल्या. मला यात नेहमी रमाबाईंचं बालपण दिसतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थामागून तीर्थ फिरले, पुराणं सांगत. धर्मासाठी घर सोडून जायचं, लोकांत बसून ऐकायचं, ऐकवायचं, हे त्या बाईच्या पायांना लहानपणापासून ठाऊक होतं. मांडव परका होता, पण बसण्याची सवय घरची होती.

दुसरा धागा कोल्हापूरचा. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी 1852पासून कोल्हापुरात होते. त्यांच्या नावाचं चर्च आजही तिथे आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863मध्ये कोल्हापुरातच जन्मला. तो प्रिन्स्टनला शिकत असताना 1886च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन इथे ड्वाइट मूडी या गाजलेल्या उपदेशकाने कॉलेजच्या मुलांचं शिबिर भरवलं. 251 विद्यार्थी, जवळजवळ महिनाभर. बायबलचा अभ्यास, पोहणं, खेळ. परदेशी मिशनकामाचा विषय फारसा कार्यक्रमात नव्हता. रॉबर्टने तो झाडाखालच्या गप्पांत आणि छोट्या बैठकांत लावून धरला. शिबिर संपलं तेव्हा 100 जणांनी आपण परदेशात मिशनरी म्हणून जायला तयार आहोत असं लिहून दिलं होतं. त्यांतला एक जॉन मॉट, ज्यांना पुढे 1946चं शांततेचं नोबेल मिळालं. या 100 सह्यांतून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीने पुढच्या काही दशकांत हजारो तरुण आशिया-आफ्रिकेत पाठवले, त्याचं बरंवाईट अजून मोजलं जातंय. तरुणांच्या शिबिराची आजची ठेवण, म्हणजे सकाळी अभ्यास, दुपारी खेळ, रात्री मोठी सभा आणि शेवटी सही किंवा हात वर, ही बरीचशी तिथली आहे.

मुलांची सुट्टी

लहान मुलांच्या शिबिरांचं कारण याहून साधं आहे. शहरं वाढली, शाळांना लांब सुट्ट्या लागल्या, मुलं रस्त्यावर. 1885मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या सम्नर डडली यांनी सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यात एका तळ्याकाठी तंबू ठोकले. ते शिबिर आजही चालू आहे. ज्यांना रानात नेणं परवडत नव्हतं अशांसाठी 1898 साली न्यूयॉर्क शहरात एलायझा हॉज या बाईंनी सुट्टीतली बायबल शाळा काढली. जागा मिळेना, तर चक्क बिअरचा हॉल भाड्याने घेतला. आपल्याकडची सुट्टीतील बायबल शाळा याच झाडाची. सकाळी आठ ते बारा, हातवारे करत म्हणायची कृतिगीतं, रोज एक वचन पाठ, फळ्यावर खडूने काढलेली नोहाची नौका, कागदकाम, मधल्या सुट्टीत शिरा नाहीतर पार्ले-जी, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. शिकवणारे बहुतेक त्याच चर्चच्या मंडळीतले कॉलेजला जाणारे दादा-ताई. मी स्वतः तिथे जे शिकलो त्यातलं बायबल किती टिकलं सांगता येणार नाही, पण स्टेजवर उभं राहून बोलायची भीती तिथेच गेली.

अमेरिकेत हा फार मोठा पसारा आहे. मुलं आठवडाभर, कधी महिनाभर राहतात. लाकडी खोल्या, प्रत्येक खोलीत कॉलेजवयाचा एक कौन्सेलर, तळ्यात होड्या, रात्री शेकोटी. अनेक घरांत आजी, आई आणि मुलगी एकाच कॅम्पला गेलेल्या असतात. टेक्सासमधल्या कॅम्प मिस्टिकचं तसंच होतं, 1926पासून चालत आलेलं मुलींचं ख्रिस्ती शिबिर, ग्वाडालुपे नदीच्या काठी. 4 जुलै 2025च्या पहाटे त्या नदीला पूर आला आणि तिथल्या 27 मुली आणि कौन्सेलर गेल्या. त्यानंतर टेक्सासने पूररेषेतल्या खोल्यांत शिबिरार्थींना झोपवायला बंदी करणारा कायदा केला. नदीकाठ, डोंगर, रान ही या शिबिरांची जानच आहे, म्हणून जागेचा प्रश्न देवावर सोडण्यातला नाही.

दोन्ही पाणी एकत्र येतात तेव्हा

विसाव्या शतकात घराण्यांच्या भिंती पातळ झाल्या. 1967च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातले सुमारे 25 कॅथलिक विद्यार्थी शनिवार-रविवारच्या रिट्रीटला गेले आणि तिथे त्यांना पवित्र आत्म्याचा अनुभव आला, तसा त्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथातल्या लोकांना येतो. कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ तिथून पसरली. केरळातल्या मुरिंगूर इथल्या डिव्हाइन केंद्रासारख्या ठिकाणी आज जे चालतं ते याच मिश्रणाचं. नाव रिट्रीट, पण आत टाळ्या, गाणी, साक्षी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. आणि त्याच्याच जोडीला मिस्सा, आराधना, कुमसाराच्या (फादरजवळ पापकबुलीच्या) रांगा. म्हणून एखादा वसईकर ‘रिट्रीटला जातोय’ म्हणाला तर आधी विचारावं, कुठल्या?

फ्रान्समधल्या तेझे गावात बरोबर उलटं झालं. तिथे हजारो तरुण जमतात आणि शांत होतात. रोजे शुट्झ हा स्विस तरुण 1940मध्ये तिथे आला, युद्धातल्या निर्वासितांना आसरा दिला, मग तिथे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या बंधूंचा आश्रम झाला. तरुण रविवार ते रविवार राहतात, दिवसातून तीनदा प्रार्थना, दोन-चार ओळींचं पद पुन्हा पुन्हा, आणि मध्येच बराच वेळ काहीच नाही. भांडी घासणं, संडास धुणं वाटून घेतलेलं.

संडासावरून आठवलं. नैनीतालजवळ सातताल इथे स्टॅनली जोन्स या अमेरिकन मेथडिस्टाने 1930 साली ख्रिस्ती आश्रम सुरू केला. पहिल्या सकाळी प्रत्येकाने आपण का आलो, काय हवंय ते मोकळेपणाने सांगायचं. आणि सफाई कामगाराला सुट्टी देऊन त्याचं काम शिबिरार्थींनी करायचं. आजच्या ‘टीम बिल्डिंग’वाल्यांना हे करून बघता येईल. त्याच सुमारास पुण्यात ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम होता, आणि त्याही आधी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी साताऱ्यात 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा मेळ मांडला होता. मराठी ख्रिस्ती माणसाला शिबिरापेक्षा आश्रम आणि दरबार हे शब्द जवळचे वाटत होते, असा तो काळ.

मोठ्यांच्या शिबिरांतला मला सर्वांत शहाणा वाटणारा प्रकार मात्र नवरा-बायकोंचा, मॅरेज एन्काउंटर. सुरुवात स्पेनमध्ये, बार्सिलोनात 1962 साली. शुक्रवारी संध्याकाळी जायचं, रविवारी परतायचं. एक फादर आणि दोन-तीन अनुभवी जोडपी स्वतःच्या संसारातलं थोडं सांगतात, मग एक प्रश्न देतात. प्रत्येकाने जोडीदाराला पत्र लिहायचं, वह्या बदलायच्या, वाचायच्या, मग दोघांनीच बोलायचं. चारचौघांत काहीही सांगायची सक्ती नाही. मौन आहे, मांडव आहे, आणि निर्णय फक्त दोघांचा. वीस वर्षं ‘भाजी काय करू’ याच्या पलीकडे न गेलेली जोडपी तिथे पहिल्यांदा एकमेकांचं अक्षर वाचतात.

सोमवारी सकाळी

शिबिराहून आलेला माणूस दोन आठवडे वेगळाच असतो, हे घरच्यांना माहीत असतं. मग हळूहळू सगळं पूर्वीसारखं. कुर्सिल्यो नावाची तीन दिवसांची एक पद्धत 1940च्या दशकात मायोर्का बेटावर तयार झाली. सान्तियागोच्या यात्रेला पायी-गाडीने जाणाऱ्या तरुणांच्या तयारीतून ती आली. तिच्यातले लोक शिबिर संपल्यानंतरच्या सगळ्या आयुष्याला ‘चौथा दिवस’ म्हणतात, आणि त्या दिवसासाठी चार-सहा जणांचा गट दर आठवड्याला भेटतो. जी शिबिरं चौथ्या दिवसाची सोय करत नाहीत त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

त्यातही तरुणांच्या शिबिरात एक गोष्ट खटकते. अमेरिकेतली चर्चमध्ये वाढलेली मुलं शेवटून दुसऱ्या रात्रीला थट्टेने ‘क्राय नाइट’ म्हणतात, रडायची रात्र. चार रात्री झोप कमी, आवाज बसलेला, दिवे मंद, संथ गाणं, आणि उपदेशक विचारतो, आज रात्री मेलात तर कुठे जाल? सोळा वर्षांचं पोर उठणारच. एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1912मध्ये लिहिलं होतं की माणसं एकत्र जमून एका तालावर आली की त्यांच्यात विजेसारखं काही खेळतं, आणि ते आपल्या बाहेरून आलं असं प्रत्येकाला वाटतं. वारीत, सप्ताहाच्या काल्याला, क्रिकेटच्या मैदानावर हे आपण अनुभवलंय. श्रद्धावान म्हणेल की देव त्याच विजेतून बोलतो. बोलत असेल. पण मग त्याला सकाळचा चहा झाल्यावर बोलायलाही हरकत नसावी. तरुण संघाचं शिबिर माझ्या हातात असतं तर समर्पणाचं आवाहन मी शेवटच्या दिवशी न्याहारीनंतर ठेवलं असतं.

मुलाला पाठवण्याआधी पालकांनी संकोच न करता विचारावं : रात्री मुलांच्या खोलीत कोण झोपतं, एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसतो का, मूल घरी कधीही फोन करू शकतं का. धार्मिक माणसं आहेत म्हणून हे विचारायचं नसतं, असं मानणाऱ्यांनी फार मोठी किंमत मोजलीय, तेझेसारख्या आदराच्या ठिकाणीसुद्धा 2019मध्ये जुन्या लैंगिक अत्याचारांची कबुली द्यावी लागली. आपल्याकडे 2012च्या पॉक्सो कायद्याखाली असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच आहे, ‘मंडळीची बदनामी नको’ ही सबब तिथे चालत नाही. आणि शेजारची हिंदू किंवा मुसलमान मुलं खेळायला म्हणून बायबल शाळेत आली, तर त्यांच्या आईवडिलांना आत काय शिकवलं जातं ते आधीच स्वच्छ सांगावं. पाठ केलेलं वचन मुलाने घरी म्हणून दाखवल्यावर त्यांना कळू नये.

राहता राहिले ज्यांना जाताच येत नाही ते. सुट्टी नाही, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, दुकान बंद ठेवता येत नाही. त्यांची आठवण त्या जखमी सैनिकाने पाचशे वर्षांपूर्वी ठेवली होती. विसांपैकी एकोणिसाव्या सूचनेत तो म्हणतो की शिकलेला किंवा कामात अडकलेला माणूस असेल तर त्याला घरीच राहू द्या, रोज दीड तास काढू द्या, आणि तीच तालीम लांबवून द्या. महिन्याचं काम अशाने सात-आठ महिने चालतं. आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाची भेट. मुंबईत ही तालीम करणारे लोक आहेत. पहाटे साडेचारला उठतात, स्वयंपाकघरातला दिवा तेवढा लावतात आणि नासरेथहून निघालेला रस्ता किती रुंद आहे ते बघत बसतात. सहा वाजता दूधवाला बेल मारतो.